उगम : हरिपूर

मेलेल्या जंतूवर हक्क सांगता येतो का?
पेटंट कचेरीनं विचारलं. इतक्या सरळ नव्हे.
कलम तीन-सी, खाली सही.
निसर्गात होतं ते तुम्हाला सापडलं,
मग ते तापवलंत.
त्यात नवं काय?

मिरजेच्या या लॅबमध्ये एकोणतीस वर्षं
मी जंतू मारत आलेय,
छप्पन्न अंश, एक तास.
दूध तापवण्यासारखं नाही ते.
दोन अंश चढले की अंगावरची खूण विरघळते,
दोन उतरले तर मरतच नाही मेला.
मरावा, पण चेहरा राहावा,
म्हणजे खरा आला की आतडं म्हणेल,
हा तो. पाहिलाय याला.

हेच डॉक्टर आवटींनी इंग्रजीत लिहिलं. सोळा पानं.
संशोधकांत माझं नाव नाही,
पण अकराव्या पानावरचा एक रकाना मी भरला:
जैविक सामग्रीचा स्रोत आणि भौगोलिक उगम.
जुन्या वहीत शाई पसरली होती, तरी लागलं.
हरिपूर, संगमाच्या अलीकडे.
मुलगी, वय सहा.
शौचास भाताच्या पेजेसारखं.
सलाईन, नऊ बाटल्या.
वहीत नाव आहे. अर्जात ती एच-सहा.

तिसऱ्या दिवशी उठून बसली होती,
शेंगदाण्याची चटणी मागत.
तिच्यातला तो तेव्हाच नळीत गेला होता,
उणे ऐंशीवर,
अजून तिथंच आहे.

काल सुनावणीसाठी तीन प्रती हव्या होत्या.
सिव्हिलसमोरच्या झेरॉक्समध्ये वैजू ऐवळे.
तीच.
लहानपणी आमच्याकडे होती हे तिला माहीत आहे.
अजून आहे, हे नाही.

हिरवा उजेड हनुवटीवरून सरकत राहिला
पानागणिक.
अकराव्याशी थांबली.
"मॅडम, हितं गावाचं नाव फिकं येतंय. गडद करू?"
कर, म्हटलं.
पुढचं वाचेल वाटलं. तिनं झाकण लावलं.

अठ्ठेचाळीस पानं, दीड रुपयानं बहात्तर.
"सत्तर द्या," म्हणाली, "तुमच्याकडनं काय."
आणि बिलबुक उघडून, पेन झटकत,
"नाव कुणाचं टाकू?"

मागे रांग होती.