एक – शून्य – एक

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं : एक, शून्य, एक.
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.
मी विचारलं, बाई, कुठली सकाळ?

पहाटे सव्वातीनला मी असल्फ्याच्या चढावर असतो,
खांद्यावर चावी, माझ्याहून उंच.
बेचाळीस फेरे मोजून वॉल्व्ह उघडतो,
पाइपाचा घसा खाकरतो, मग पाणी.
त्यानंतर गार डबा. ते जेवण धरायचं का?

साडेसातला घरी. खिडकीला काळा कागद,
सुगंधा कुकरची शिटी काढून ठेवते,
ओवी पाढे ओठांतल्या ओठांत म्हणते.
तरी डोळ्यांत वाळू, छातीशी आंबट.
शेजारच्या मोरीत बादली भरत असते,
मीच सोडलेल्या पाण्यानं
मलाच जाग येते.

पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी, मग पहिली.
झोप बिचारी जुन्या पत्त्यावर जाऊन
परत येते.

पेडणेकर गेल्या मे महिन्यात गेला.
पस्तिसाव्या फेऱ्याला, चावी धरूनच, खाली बसला.
अँब्युलन्स यायची होती.
उरलेले सात मी फिरवले.
वर लोक कळशा लावून उभे होते.

बाईंनी दंडाला पट्टा आवळला,
काट्याकडे बघत म्हणाल्या, प्रेशर फार आहे.
मला हसूच आलं.
चौथ्या मजल्यावरचे रोज भांडतात,
प्रेशर नाही म्हणून.

त्या हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या,
तुम्ही उठाल ती सकाळ समजा.

काल दुपारी तीनदा उठलो.