खुंट्या

तुर्कू. जानेवारी. सकाळचे नऊ, बाहेर अजून रात्रच.
तळघरातल्या सायक्लोट्रॉनमधून निघालेला कार्बन
वीस मिनिटांत निम्मा होतो,
म्हणून हिल्का जिना धावतच चढते
शिशाचा डबा पोटाशी धरून.

यंत्रातून आत्ताच बाहेर आल्यात तैमी लेहतोनेन,
वय एकाहत्तर,
नाट्यगृहात चाळीस हिवाळे लोकांचे कोट सांभाळलेल्या.
मागच्या मंगळवारी आकडा होता एक पूर्णांक चार.
आज आधी औषध दिलं, सेरोटोनिन वाढवणारं,
आणि आकडा उतरला.

‘माझ्यात कमी झालं का काही?’
कमी नाही, मी म्हणतो, बहुतेक भरलंय.
आमचं द्रव्य रिकाम्या जागीच बसतं.
आम्ही मोजतो ते उरलेलं.

‘म्हणजे खुंट्या,’ त्या म्हणतात.
‘पडदा वर गेल्यावर आलेला एखादा
ओला कोट हातात घेऊन चिडायचा,
इथे खुंट्याच नाहीत म्हणून.
अहो, आहेत की. माणसं आत बसलीत.’

मी मान डोलावतो.
हे मात्र सांगत नाही, की कधी कधी
पेशी खुंटीच आत ओढून घेते
आणि आकड्याला
दोन्ही सारखंच.

वहीत लिहितो: बंधन घटले.
कारणाचा रकाना कोरा.

त्या बुटांचे बंद आवळतात,
दारामागचा आपला कोट उतरवतात.
इतकी वर्षं इथे काम करतोय,
तिथे खुंटी आहे
हे मला आज दिसलं.