आठ हजार चारशे बारा

भुसावळला, यावल रोडवर, रमजान तडवीच्या गॅरेजात
गाडी आणली तीच केळीच्या आयशरवर चढवून.
मागची चाकं फिरेनात,
फैजपूरच्या आठ पोरांनी उचलून ठेवली, वर चहा मागितला.
एमएच एकोणीस, मॉडेल दोन हजार नऊ,
मीटर आठ हजार चारशे बारा.
मी हा आकडा रमजानला दोनदा सांगितला,
लग्नाच्या मुलीचे मार्क सांगावेत तसा.

त्यानं पान थुंकलं.
"ताई, गाडी चालून जेवढी बिघडत नाही
तेवढी उभी राहून बिघडते."
आणि बॉनेट उचललं.

आत उंदराचा संसार.
सरकीचा कापूस, शेंगांची टरफलं,
केळीच्या सोपटाचे धागे, अर्धी खाल्लेली वायर.
बॅटरीच्या टोकांवर हिरवट मीठ.
टाकीतलं पेट्रोल त्यानं बाटलीत घेऊन माझ्या नाकाशी धरलं:
जुन्या दारांच्या व्हार्निशचा वास.
टायरची नक्षी कोरी, रबराचे केससुद्धा शाबूत,
अन् कडेला भेगा, मे महिन्यातल्या टाचांसारख्या.
मागचे ब्रेक ड्रमला धरून बसलेले.
हातोडीचे चार ठोके, मग पाचवा,
मग आईवरून एक शिवी,
तेव्हा कुठे चाक सुटलं.

मी पाकिटाच्या पाठीवर लिहीत होते:
ऑइल, फिल्टर, कूलंट, पट्टा, बॅटरी, चार टायर.
ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं,
स्वस्तात मिळाली म्हणून.

मग त्यानं प्लग काढले आणि गप्प झाला.
सगळे काळे, चुलीतून काढल्यासारखे.
आठ हजारात एवढी काजळी?
एसीच्या जाळीत धुळीची गोधडी.
त्यानं ड्रायव्हरची सीट दाबून पाहिली, मग बाजूची,
मग परत ड्रायव्हरची.
ड्रायव्हरची टणक.
बाजूची खोल, दाराकडे जरा कललेली.
"पहिले लय उभी चालली," तो म्हणाला,
"मंग लय उभी राह्यली."

खणात वही होती. मी ती सर्व्हिसची समजले होते.
लीलाधर फेगडे, कारखान्यात टाइमकीपर, निवृत्त.
रेघा पट्टीनं मारलेल्या. तारीख, वेळ, मीटर, शेरा.

बारा एप्रिल. दोन ते साडेतीन. ८४१२. कुसुमला झोप लागली.
तेरा एप्रिल. लाइट नाही. एक ते चार. ८४१२. छाती बरी.
एकवीस मे. सेहेचाळीस डिग्री. ८४१२.
गाडीतच जेवलो. कळण्याची भाकरी, कैरी.
दोन जून. ८४१२. म्हणाली, कुठवर आलो?
म्हटलं, बऱ्हाणपूर.
तीन जून. ८४१२. खंडवा.
सात जून. वारा सुटला. एसीची गरज नाही. तरी बसलो.

मीटरच्या रकान्यात एकच आकडा, पानंच्या पानं,
आणि त्यांची गाडी अंगणात, निंबाखाली,
पेट्रोल जाळत नर्मदा ओलांडत होती.
वही एका मंगळवारी थांबते.
पुढची पानं कोरी. कोपरे उंदरानं नेलेले.

"बाजूचा स्पंज बदलून टाकू?" रमजाननं विचारलं.
पाकिटावर जागा होती.
मी म्हटलं, पुढच्या वेळी.

संध्याकाळी गाडी खोकली, धूर सोडला, लागली.
"पाचशे किलोमीटर दामटू नका," तो हात पुसत म्हणाला,
"नवी समजा. अन् म्हातारीबी समजा."

नाक्यावर गाडी बाजूला घेऊन मी फैजपूरला फोन लावला,
झाली म्हणून सांगायला.
खर्च विचारला नाही. इंजिन विचारलं नाही.
"एसी चालते का?"
"गॅस भरलाय काका."
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
"पहिले पाच मिनिटं गरम हवा येते," ते म्हणाले,
"तव्हर काच खाली ठेवजा."