चिखलीच्या पठारावरची वही

रविवारी साडेतीनला, हुमणाचं जेवण डोळ्यांवर येतं त्या वेळी,
आम्ही तिघे पठारावर चढतो :
मी, सगुण नार्वेकर आणि इनास पदेर.
गळ्यात एकच दुर्बीण, पिशवीत उंडे,
आणि सगुणची वही, बंदराच्या टॅली-ऑफिसातली, लांबडी,
जिच्या रकान्यांत एके काळी खनिजाचे टन बसायचे.

खाली दाबोळीची धावपट्टी.
पर्यटकांची विमानं एकामागून एक उतरतात,
पांढरी, गुळगुळीत, एकाच साच्यातून काढल्यासारखी.
त्यांच्यासाठी आम्ही मानही उचलत नाही.
आम्ही ज्यांची वाट बघतो
ती आता उडत नाहीत.

हे घरी पटत नाही.
"बोगमाळोला म्युझियम आहे की," सून म्हणते,
"तिथं उभी आहेत, तिकीट काढा, बघा."
बघितली.
उभ्या विमानाचं फक्त वजन दिसतं.
चाकांखाली विटा, पंखाखाली झोपलेलं मांजर.

सगुणला तुपोलेव हवं असतं.
बॉम्बरच्या वंशातलं, पाणबुड्या हुंगत फिरणारं,
अठ्ठ्याऐंशीपासून चार वर्षं आमच्या डोक्यावर राहिलं.
ते यायचं तेव्हा आधी फडताळातल्या बश्या बोलायच्या,
मग कुत्री,
मग ते.
सगुण अर्ध्या दाढीनं अंगणात धावायचा,
आणि त्याची बायको, देव तिला सुखात ठेवो,
देव्हाऱ्यातली समई दोन्ही हातांनी धरून
आतूनच ओरडायची, "किती वाजले ते लिहा!"
त्या वर्षांच्या नोंदींत वेळ तिची आहे.

इनासला फक्त कॅनबेरा.
एकसष्टचा डिसेंबर, सकाळ, दुसरी भट्टी नुकती काढलेली.
तो दहा वर्षांचा, डोक्यावर पावांचा पांटलो.
पेडव्याच्या पोटासारखी चकचकीत, म्हणतो,
आणि आवाज त्यांच्या मागून, धापा टाकत.
"सहा होती."
"बारा," सगुण म्हणतो, "पुस्तकात आहे."
"मग उरलेली सहा तुझ्या पुस्तकानं बघितली असतील."

हे भांडण आम्हाला पाठ आहे.
पण गेल्या पावसाळ्यानंतर एकदा
उंडा मोडता मोडता इनास म्हणाला,
धूर उठला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या.
पांटलो खाली ठेवून, नीट, दोन्ही हातांनी.
आणि त्याच रात्री पाखल्यांनी कायतान तियूला
घरातून उठवून नेलं, धावपट्टीवरचे खड्डे बुजवायला.
उजाडता परतला. बोलला नाही.
खिशातून तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा काढून
पावांवरच्या फडक्यावर ठेवला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
तीस वर्षं तो तुकडा त्याच कामाला होता.

"पाद्रीला साखरेची चोरी सांगितली,
हे कधी सांगितलं नाही," इनास म्हणाला.
मग बराच वेळ आम्ही झुआरीकडे बघत बसलो.
"पण सुंदर होती रे," तो म्हणाला.
यावर काय लिहायचं ते वहीत नाही.

आता त्याच्या एका कानाला ऐकू येत नाही,
दुसऱ्यातलं यंत्र तो वर चढला की काढून ठेवतो,
वाऱ्याची शिट्टी वाजते म्हणून.
आज चारच्या सुमारास त्यानं एकदम
तळहात कातळावर टेकवला.
"आयलें," म्हणाला. "पळय."

आकाशात घार होती.
खालच्या रस्त्यावर सिमेंटचा ट्रक
चढणीला गियर बदलत होता.
सगुणनं माझ्याकडे बघितलं, मी सगुणकडे.
इनासचा हात अजून कातळावर,
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

सगुणनं पेनाचं टोपण काढलं.
तारीख. वेळ, चार वाजून सहा मिनिटं.
दिशा, समुद्राकडून.
"प्रकार?" त्यानं मोठ्यानं विचारलं.
इनासनं उत्तर दिलं नाही.
तो वर बघत होता, तोंड किंचित उघडं,
आणि त्याचे दोन्ही हात आता
मांडीवर होते, एकमेकांत घट्ट.