हजार दाण्यांचं वजन

परभणीच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत
मी दाणे मोजते.
ज्वारीचे हजार दाणे: बत्तीस ग्रॅम, कधी चौतीस,
टपोरं वाण असलं तर चाळिशीच्या घरात.
आताशा चिमटीत धरल्यावरच कळतं
दाणा भरलाय की पोचट.

महागाई भत्त्याचा फरक आला, नऊ हजार दोनशे.
दोनशे पेढ्यांत गेले.
उरलेल्यात कॅमेरा बसवायचा,
आणि कॅमेरा बसवायचा सॅकेत,
जिथं आधीच दोन बाटल्या, टॉर्च, कांबळं,
आणि शिवनंदाचा न वाजणारा रेडिओ
जो ती का नेते हे विचारायचं नाही.

नईमभाईंचं दुकान शनिवार बाजाराच्या अलीकडं.
पुढं मोबाइलची कव्हरं लटकलेली,
आत काचेच्या कपाटात
लग्नांतून निवृत्त झालेले कॅमेरे.
एकाच्या पट्ट्यात अजून अक्षता अडकलेली.

दोन काढून ठेवले त्यांनी गल्ल्यावर.
एक लांब नळीचा, आठ हजारांचा,
झाडावरच्या पोपटाचं बुबुळ दिसेल म्हणे.
दुसरा साबणाच्या डबीएवढा,
पडद्यावर एक ओरखडा,
पोटात दोन पेन्सिल सेल,
जे कुठल्याही फाट्यावरच्या टपरीत मिळतात
गुटख्याच्या माळेमागं.

मी दोन्ही पुन्हा पुन्हा हातात घेतले.
शिवनंदा वैतागली:
‘अगं, कॅमेरा घ्यायलीस का म्हैस?’

म्हशीचे निदान दात बघता येतात.

ओळखपत्र गहाण ठेवून दोन्ही ऑफिसात नेले.
दुपारी साहेबांचा डोळा लागल्यावर
लहाना काट्यावर ठेवला: एकशे अठ्ठ्याण्णव.
म्हणजे ज्वारीचे सहा हजार दाणे, वर चिमूटभर.
मोठा ठेवला.
आमचा काटा पाचशेपर्यंतच बोलतो,
पडद्यावर नुसत्या रेघा आल्या.
मग त्याला खाली गोदामात नेला,
पोत्यांच्या काट्यावर.
तिथं काटा हललाच नाही.

वर मावेना, खाली जाणवेना.
हमाल गंगाराम मान वाकडी करून म्हणाला,
‘मॅडम, ह्याला आत हाय तरी काय?’

भिंगं असतात, म्हटलं. दूरचं जवळ दिसतं.
‘जवळ जाऊन बघितलं तर?’
त्यानं सहज विचारलं
आणि पोतं उचलून गेला.

संध्याकाळी नईमभाईंनी मोठा परत घेतला,
फडक्यानं पुसला, कपाटात ठेवला,
नाराज नाही झाले.
‘जेब में बैठा तो कॅमेरा, नहीं बैठा तो फर्निचर.’
साडेपाचाचे चार हजार नऊशे केले,
वर चैन बिघडलेलं एक पाऊच.
घरी आल्यावर जीव थोडा खालीवर झाला,
पोपटाचं बुबुळ राहिलंच की.

पुढच्या महिन्यात धारूरहून चालायला लागलो,
बालाघाटाच्या अंगाखांद्यावरून.
सीताफळांचे डोळे उघडायला लागले होते.
मी काढत गेले:
किल्ल्याच्या दगडातली पाल,
शेंगा सोलणाऱ्या बाईची नखं,
शिवनंदाची टाच, फोड आलेली, फार जवळून.
सेल दोनदा बदलले.
चालताना तो खिशात आहे हे
विसरायलाही झालं,
आणि मी त्यासाठीच तर पैसे मोजले होते.

तिसऱ्या दिवशी, समोरच्या उतारावर, लांडगा.
थांबला. आमच्याकडं बघितलं.
पुढं जायची आमची हिंमत नव्हती,
लांब नळी नव्हती,
मी तसंच बटण दाबलं.

रात्री शाळेच्या ओसरीवर
पडदा तिच्यापुढं धरला.
सगळा डोंगर आलाय, गवत आलंय, ऊन आलंय,
लांडगा एका दाण्याएवढा.
‘कुठंय?’ ती म्हणाली.
हा बघ, म्हणून मी बोट ठेवलं

आणि तो बोटाखाली गेला.