तीन नावं इकडे, तीन तिकडे

केंद्रावरून कागद आला : सातवीला विचारा,
कोणाशेजारी बसायला आवडतं, तीन नावं.
कोणाशेजारी आवडत नाही, तीन नावं.
नावं गुप्त राहतील, असं आधी सांगा.

सांगितलं.
एकोणीस पोरं टाटपट्टीवर
हाताचा आडोसा करून लिहीत बसली,
चाचणीतही कधी बसत नाहीत तशी.
"सर, तीनच काहून?" खुशाल म्हणाला.
कोणत्या रकान्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

रात्री खोलीवर, बियाणे कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
एकोणीस गोल काढले.
दोस्तीचा बाण निळा, दुश्मनीचा लाल.

निळे लवकर आटोपले.
एका हापशीवर पाणी भरणारी पोरं,
आलुपोंग्याच्या एकाच पुडीतून
पाची बोटांत पोंगे अडकवून खाणारी,
एकीनं केस कापले की आठ दिवसांत दुसरीनंही कापणारी.
हे मला न विचारताही ठाऊक होतं.

लाल बाणांना वेळ लागला.
वंशिकानं निकिताच्या नावापुढं कारणही लिहिलं होतं,
कागदानं मागितलं नसताना :
'तिनं माही टेंभरं खाल्ली अन् नाही म्हनते.'
असं असेल तर ठीक आहे, मी म्हटलं,
टेंभरांचा मोसम संपतो.

पण प्रज्योत भोयरकडून अचल ठाकरेकडे,
अचलकडून प्रज्योतकडे,
दोन्ही कागदांवर पहिलंच नाव, पेन दाबून.
वर्गात यांना कधी भांडताना पाहिलं नव्हतं.
मग तो धुरा आठवला, नाल्याकाठचा, बिब्याच्या झाडाचा.
दोन फूट जमीन.
तहसीलातली त्याची पहिली तारीख
या पोरांच्या जन्माआधीची.

दुसऱ्या दिवशी गाडी पंक्चर, म्हणून मी पायी निघालो.
पुढं पऱ्हाटीच्या मधल्या वाटेनं दोघं.
प्रज्योतच्या सायकलची चेन उतरलेली,
अचल मागून कॅरिअर धरून ढकलतोय,
अन् कोणाची तरी नक्कल चाललेली,
बहुतेक माझीच, कारण हसणं फार होतं.
मारुतीचा पार दिसला तसा
अचलनं हात काढला.
एक रस्त्याच्या या कडेला, एक त्या कडेला,
ना कोणी सांगितलं, ना मागं पाहिलं.
पारावर भोयर बसलेले होते. तंबाखू मळत.

लाल बाण खोडायला खोडरबर घेतलं, ठेवून दिलं.
खोडून काय लिहू?
पारापर्यंत निळा?

अन् एका गोलाकडे काहीच येत नव्हतं.
निळं नाही, लालही नाही.
रेणुका टेकाम.
कोलाम पोडावरून येते, दोन किलोमीटर,
दाराजवळ बसते, चपला राखल्यासारखी.
अठरा पोरांना एकशेआठ नावं लिहायची होती,
त्यात तिच्याशी भांडावं असंही कोणाला सुचलं नाही.

तिचा कागद काढला.
आवडतं : खिचडीवाली सरस्वतामावशी.
आवडतं : काळी.
(काळी म्हणजे बकरी, हे मला मागाहून कळलं.)
तिसरी जागा मोकळी.
दुसऱ्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं,
थुंकी लावून, बोटानं, कागद फाटेस्तोवर.

नावं गुप्त राहतील, हे मीच सांगितलं होतं.
लाइन गेली होती. मोबाइलचा टॉर्च मागून धरला.
पहिलं अक्षर गु.
मग ल्हा.
या शाळेत गुल्हाने एकच आहे.

माझा गोल मी काढलाच नव्हता.

ए पोडावरची, फळा पूस.
ए पोडावरची, उद्या दाखला आण.
ए पोडावरची, हसतेस काय.
तीन वर्षं. कोणाला लागेल असं मनातही आलं नाही,
वर्ग हसायचा,
मलाही बरं वाटायचं वर्ग हसला की.

कागदाखाली एक चौकोन होता, शिक्षकाचा अभिप्राय.
तो कोराच गेला. केंद्रप्रमुखांचा फोन येईल.

सकाळी हजेरी.
आत्राम, इंगोले, कुबडे, खंडारे,
मग खालच्या ओळीत बोट ठेवून मी वाचलं,
टेकाम रेणुका लक्ष्मण.

तिनं आधी मागं वळून पाहिलं,
मागं भिंत होती.
मग म्हणाली, हजर,
इतक्या उशिरानं
की मी पुढचं नाव घेऊन बसलो होतो.