इतिवृत्त

मंगळवार. लीड्स, सहकारी सभागृहाची मागची खोली.
उपस्थिती सदतीस. हीटर बंद.
लिहिण्याचं काम माझ्याकडे,
सोळा वर्षं झाली.

विषय क्रमांक चार : व्याख्या.
ज्यूद्वेष कशाला म्हणायचं, कशाला नाही.
वरून आलेला कागद, खाली उदाहरणांची उतरंड,
आणि एका स्वल्पविरामावरून
आम्ही पाऊण तास भांडलो.
कोणी म्हणालं, यानं गाझाचं नाव घेणंही गुन्हा ठरेल.
कोणी म्हणालं, ते नाव घेता घेता
तोंडातून आणखी काय काय निघतं, ते आधी ऐका.
दोघांनाही टाळ्या पडल्या
वेगवेगळ्या कोपऱ्यांतून,
आणि मला पहिल्यांदाच दिसलं
की या खोलीला कोपरे आहेत.

मग क्लाइव्ह ऑर्मरॉड उठला.
छापखान्यातला जुना माणूस, काठी न घेता उठला.
डोरीनकडे बघून, अगदी मऊ आवाजात म्हणाला,
"तुम्हा लोकांना नेहमीच वेगळी पंगत लागते.
आणि पैसा कुठून येतो, ते काय आम्हाला ठाऊक नाही?"

तुम्हा लोकांना.
याच क्लाइव्हनं तिच्या बापाला खांदा दिला होता,
शिलाई कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या सोल लॅझनिकला,
ज्याच्या छातीत शेवटपर्यंत वाफ कोंडली होती.

मी लिहिलं : चर्चा झाली.

डोरीन बोलली नाही.
भिंतीशी गेली, चहाच्या बंबाचं बटण बंद केलं.
बंब तिचाच. चौऱ्याऐंशीच्या संपात
खाणकामगारांच्या बायकांसाठी घरून आणलेला
आणि परत नेलाच नव्हता.
आता नेणार होती.
पण बंब कढत होता.

रागानं निघून जायचं,
आणि त्यासाठी भांडं निवायची वाट बघत बसायचं,
हे कुठल्या रकान्यात लिहू?
कोट चढवून ती बसून राहिली,
पर्स मांडीवर,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखी.
तिच्यासमोरच आम्ही मतदान केलं.
बाजूनं अठरा. विरोधात सतरा.
डोरीन, जिनं हात वर केलाच नाही.
आणि एक तटस्थ.
तटस्थ म्हणजे काठावरचा. कोरडा.
तो मी.

आम्ही सगळे "आपण" म्हणायचो.
आपण जिंकू, आपला वॉर्ड, आपण शनिवारी पत्रकं वाटू.
त्या रात्री जुन्या वह्या उलटल्या.
कुठल्या पानावर "आपण"चं "आम्ही" झालं,
सापडलं नाही.
अक्षर सगळीकडे माझंच होतं.

नादिर शाहवान विरोधात होता,
भाषण त्याचंच सगळ्यांत कडक.
सभा मोडली तेव्हा तो बंबाशी गेला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात
तसा पालथा हात लावून पाहिला.
"अजून दहा मिनिटं," म्हणाला.
तिच्या शेजारी बसला.
गिप्टनच्या गल्ल्यांत अकरा वर्षं दोघांनी पत्रकं वाटलेली.
एकदा त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं,
तेव्हा तिनं स्वतःचा स्कार्फ दातांनी फाडला होता.

"क्लाइव्हला तू काही म्हणाला नाहीस."
"नाही."
"का?"
"मतं मोजत होतो."
ती हसली नाही.
त्यानंही मान खाली घातली नाही.
"नाब्लुसच्या माझ्या आत्याचं तू पूर्वी विचारायचीस.
यंदा विचारलं नाहीस."
"नाही," ती म्हणाली.

मग दोघांनी दोन कड्या धरल्या.
आत पाणी हिंदकळत होतं, ओतायचं राहून गेलेलं,
गाडीपर्यंत पायऱ्यांवर
थोडं थोडं सांडत गेलं.

डिसेंबरची सभा. उपस्थिती एकोणतीस.
टेबलावर बंबाच्या जागी गोल डाग.
क्लाइव्हनं विचारलं, चहाचं कोण बघतंय?
मागील सभेचं इतिवृत्त मी वाचून दाखवलं.
चर्चा झाली. मतदान झालं.
कुणाची हरकत नव्हती.
कायम करण्यात आलं.